अर्ज फेटाळल्यावर पुढे काय? सिंधमधून खान्देशात आलेल्या कुटुंबांचे कागद

नकाराचा कागद हातात पडला की आधी त्यावरची तारीख पाहा, कारण नंतर वाचा. नागरिकत्व कायद्याच्या कलम १५ आणि १५-ए प्रमाणे नागरिकत्व नाकारल्याच्या आदेशाविरुद्ध केंद्र सरकारकडे दाद मागायला ३० दिवस मिळतात, आणि ते आदेशाच्या तारखेपासून मोजतात. कागद घरी कधी पोचला याला फारसे महत्त्व नाही. जळगावच्या सिंधी कॉलनीत पत्र शेजाऱ्याकडे पडले आणि आठवडाभर त्याच्या फ्रिजवर राहिले, तर तो आठवडा गेला. उशिराला सबळ कारण असेल तर मुदतीनंतरचा अर्जही ऐकून घेता येतो. पण ते कारण कागदाने दाखवावे लागते, म्हणून पाकीट फेकू नका; त्यावरचा टपालाचा शिक्का हाच तो कागद.

हा लेख आलेल्या कुटुंबाच्या हाती बहुधा जाणार नाही. घोटकी, सक्कर, जेकोबाबादकडची मंडळी सिंधी वाचतात ती अरबी वळणाच्या लिपीत. म्हणून तो त्यांच्यासोबत कचेरीत जाणाऱ्यासाठी आहे: इथला पुतण्या, घरमालक, फुले मार्केटमधला दुकानदार, मुलांचे मास्तर.

नकार नेमका कशाला मिळाला?

भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही आणि आश्रय देण्याचा वेगळा कायदाही इथे नाही. त्यामुळे 'आम्हाला आश्रय द्या' असा साधा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांकडे दिला, तर तो नाकारायलासुद्धा कोणते कलम नसते. तो नुसता आवक-जावक नोंदवहीत जाऊन बसतो. इथे चालणाऱ्या वाटा दोन: दीर्घ मुदतीचा व्हिसा, ज्याला सगळे एलटीव्ही म्हणतात, आणि त्यानंतरचे नागरिकत्व. यातले नक्की काय फेटाळले गेले, त्यावर पुढचे पाऊल ठरते.

एलटीव्ही किंवा त्याची मुदतवाढ नाकारली असेल, तर काम एफआरओकडे, म्हणजे परकीयांच्या नोंदणी अधिकाऱ्याकडे असते. आपल्याकडे एफआरओ म्हणजे जिल्ह्याचे पोलीस अधीक्षक. अर्ज मात्र ई-एफआरआरओ या सरकारी पोर्टलवरच भरायचा. त्रुटीसाठी परत आला असेल तर त्रुटी भरून पुन्हा पाठवता येतो. सपशेल नाकारला असेल तर नव्या कागदांसह नवा अर्ज. जुनाच अर्ज तसाच पुन्हा भरणे ही सर्रास होणारी चूक आहे. ज्या कागदावर पहिल्यांदा बोट ठेवले गेले, तोच दुसऱ्यांदा पाठवला तर उत्तर बदलणार कसे?

नागरिकत्व नाकारले असेल तर वरची ३० दिवसांची दाद. कलम १४ प्रमाणे सरकारवर नकाराचे कारण देण्याचे बंधन नाही. त्यामुळे कागदावर एकच ओळ असली तर चक्रावून जाऊ नका. कारण आपल्याच फाइलमध्ये शोधावे लागते, आणि ते बहुतेक वेळा नावात, पत्त्यात किंवा तारखेत सापडते.

तिसरी शक्यता म्हणजे नागरिकत्व कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीखालचा, सीएएचा अर्ज. तो जिल्हाधिकाऱ्यांकडे जातच नाही. डाक अधीक्षकांच्या जिल्हास्तरीय समितीपुढे कागद पडताळले जातात आणि राज्याच्या जनगणना संचालकांच्या अधिकारप्राप्त समितीपुढे निर्णय होतो. वारंवार संधी देऊनही माणूस पडताळणीला हजर झाला नाही, तर जिल्हा समिती ती फाइल नकाराच्या विचारासाठी वर पाठवते. तारखेचा संदेश ज्या मोबाईलवर येतो तो नंबर एजंटाचा असतो, ही इथली खरी गोम. नंबर कुटुंबातल्याच माणसाचा द्या, आणि सिम बदलू नका.

कुटुंब एक, पण फाइली पाच

सगळ्यात जास्त गाड्या इथे अडतात. घर एकत्र राहते म्हणून अर्जही एकत्र असेल असे वाटते, पण कायदा प्रत्येक माणसाला वेगळा मोजतो. एक कुटुंब डोळ्यांपुढे ठेवू. वडील नोव्हेंबर २०१३ मध्ये आले. आजी, आई आणि २०१० मध्ये तिकडे जन्मलेला मुलगा २०१६ मध्ये आले. मुलगी २०१९ मध्ये जळगावात झाली. माणसे पाच, आणि वाटाही जवळजवळ पाच.

वडील ३१ डिसेंबर २०१४ च्या आत आले. ते हिंदू, शीख, बौद्ध, जैन, पारशी किंवा ख्रिस्ती असतील आणि पाकिस्तान, बांगलादेश किंवा अफगाणिस्तानातून आलेले असतील, तर सीएए लागू. देशीयकरणासाठी, म्हणजे दीर्घ वास्तव्याच्या जोरावर नागरिकत्व मिळण्यासाठी, इतरांना एकूण १२ वर्षांचे वास्तव्य लागते, यांना ६ पुरते. अर्जाचा नमुना ८-ए. या वाटेचा एक मोठा फायदा कलम ६-बी मध्ये आहे: नागरिकत्व मिळाले की ते भारतात प्रवेश केल्याच्या तारखेपासून मिळाले असे मानले जाते.

आजीचा जन्म १९४४ मधला, म्हणजे अविभाजित भारतातला. कायद्याच्या भाषेत ती भारतीय वंशाची व्यक्ती. तिला नागरिकत्व कायद्याच्या कलम ५(१)(ए) खाली नागरिक म्हणून नोंदणी मागता येते. अट अशी: अर्जाच्या लगेच आधीचे १२ महिने सलग भारतात, आणि त्याआधीच्या ८ वर्षांत मिळून किमान ६ वर्षे. म्हणजे अर्जाच्या वर्षभर आधी तिला कुठे पाठवू नका.

आई २०१६ मध्ये आली, सीएए तिला नाही. नवरा नागरिक झाला की ती ५(१)(सी) खाली, नागरिकाची पत्नी म्हणून, ७ वर्षांच्या वास्तव्यावर अर्ज करू शकते. सगळे हाच सल्ला देतात. पण आधी एक विचारा: तिच्या आईचा किंवा वडिलांचा जन्म फाळणीआधीचा आहे का? असेल तर तिलाही ५(१)(ए) उघडे आहे, आणि घरात वाढता मुलगा असेल तर तीच वाट बरी.

का, ते मुलाच्या वयात आहे. अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालच्या मुलाची नोंदणी ५(१)(डी) खाली होते, 'भारतीय नागरिक असलेल्या व्यक्तींची अज्ञान मुले' म्हणून. तिथे आई-वडील दोघांचेही कागद पाहिले जातात. आईची फाइल रखडली की मुलाचीही रखडते. २०१० चा मुलगा २०२८ मध्ये १८ वर्षांचा होतो आणि हे दार बंद होते. पुढचे दार ५(१)(ई) चे, पण ते आई-वडिलांची नोंदणी ५(१)(ए) खाली किंवा देशीयकरण कलम ६(१) खाली झाले असेल तरच. आई (सी) मधून नागरिक झाली असेल तर मुलगा त्या शब्दांत बसत नाही. आजीच्या जन्माचाही त्याला उपयोग नाही. वंशाची व्याख्या आई-वडिलांपर्यंतच थांबते. मग त्याच्यापुढे १२ वर्षांचे देशीयकरण उरते. म्हणून घरातली पहिली फाइल कोणाची लावायची हे वडिलांच्या वयावर ठरवू नका. १८ च्या सर्वांत जवळ कोण आहे ते बघा आणि तिथून उलटे मोजत या.

आता मुलगी. 'हिचा जन्म इथला, ही तर भारतीयच' असे ठामपणे सांगणारे दर दुसऱ्या ओट्यावर भेटतात. तसे नाही. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्या मुलाला जन्माने नागरिकत्व मिळते ते आई-वडील दोघे भारतीय असतील, किंवा एक भारतीय आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसेल तरच. २०१९ मध्ये या मुलीचे दोघेही पालक पाकिस्तानी होते. पण वडिलांना सीएएखाली २०१३ पासूनचे नागरिकत्व मानले गेले, तर जन्माच्या दिवशी एक पालक भारतीय होता असा मुद्दा उभा राहतो. मग प्रश्न एवढाच उरतो की त्या दिवशी आईचा व्हिसा चालू होता की नाही. हा मुद्दा वकिलाकडून लेखी मांडून घ्या, आणि आईचा २०१९ चा एलटीव्ही जपा. मुदत संपलेला कागद म्हणून लोक तो रद्दीत घालतात. मुलीच्या दृष्टीने घरातला सगळ्यात मोलाचा कागद तोच.

हेच गणित इथल्या माणसाशी लग्न करून आलेल्या पाकिस्तानी स्त्रीलाही लागू पडते, धर्म कोणताही असो. सीएए तिच्यासाठी नसले तरी भारतीयाची पत्नी म्हणून एलटीव्ही आणि पुढे ५(१)(सी) आहे. तिचा व्हिसा बाळंतपणाच्या वेळी चालू असेल तर मूल जन्मतःच भारतीय. घाईगर्दीत मुदतवाढ राहिली, तर मुलाची वाट दहापट लांबते.

नावाचे एक अक्षर

पाकिस्तानी पासपोर्टवर नाव असते 'जयराम दास', वडील 'लछमण दास'. आडनाव नाही. जळगावात आल्यावर नातेवाईक म्हणतात, आपण तलरेजा, तसेच लिहा. शाळेच्या जनरल रजिस्टरला मास्तर आपल्या पद्धतीने आडनाव आधी घेतात: 'तलरेजा जयराम लक्ष्मणदास'. बँकेत होतो 'जयरामदास तलरेजा'. एका माणसाची चार माणसे झाली. पडताळणीला बसलेल्या कारकुनाने चौघांपैकी कोणाला पास करावे?

उपाय कंटाळवाणा आहे, पण दुसरा नाही. कोऱ्या कागदावर तक्ता आखा. डावीकडे एकेका माणसाचे नाव, वर एकेक कागद: पासपोर्ट, शनाख्ती कार्ड (तिकडचे ओळखपत्र), बे-फॉर्म (तिकडचा मुलांच्या नोंदणीचा कागद), एलटीव्ही, आधार, शाळेचा दाखला, बँक पासबुक. प्रत्येक चौकटीत त्या कागदावर आहे तस्सेच इंग्रजी स्पेलिंग लिहा, अक्षर न अक्षर. जन्मतारखेचा वेगळा तक्ता. १ जानेवारी ही जन्मतारीख घरात तीन जणांची निघाली तर दचकू नका, पण ती सगळीकडे १ जानेवारीच राहू द्या. 'खरी तारीख' आठवून एकाच कागदावर दुरुस्त करणे हे नसलेले दुखणे विकत घेणे आहे. पाया पासपोर्टचा धरा आणि इथले कागद त्याच्याकडे वळवा. जे वळत नाही त्यासाठी 'या दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असे प्रतिज्ञापत्र करून त्या कागदाच्या मागेच टाचा. फाइलच्या शेवटी लावले तर ते कोणी पाहत नाही.

बायकांच्या कागदांत आणखी एक खोच असते. लग्नाआधीच्या कागदावर वडिलांचे नाव, नंतरच्या सगळ्यांवर नवऱ्याचे. मधला पूल म्हणजे लग्नाचा पुरावा, आणि तो बहुधा तिकडेच राहिलेला असतो. तो नसेल तर लग्नाआधीचे आणि नंतरचे नाव सांगणारे प्रतिज्ञापत्र, आणि मुलांच्या तिकडच्या जन्मदाखल्यांवर आईचे नाव असेल तर त्यांच्या प्रती.

सिंधी-उर्दू कागदांचे भाषांतर लागते. ते करणाऱ्याची सही आणि नाव त्यावर हवे. कॉलनीतल्या जुन्या मंडळींपैकी ती लिपी वाचणारे आता मोजकेच उरलेत. त्यांना आधी गाठा.

सीएएच्या याद्या

नियम ११ मार्च २०२४ ला आले आणि त्यात दोन याद्या आहेत. अनुसूची १-ए मूळ देश दाखवण्यासाठी: तिकडचा पासपोर्ट, जन्मदाखला, शाळेचा दाखला, ओळखपत्र, जमिनीचा किंवा भाड्याचा कागद, आजोबा-पणजोबांपर्यंत कोणी तिकडचे नागरिक असल्याचा पुरावा. मुदत संपलेला कागदही चालतो. अनुसूची १-बी, २०१४ संपायच्या आत इथे आल्याचे दाखवण्यासाठी: व्हिसावरचा प्रवेशाचा शिक्का, एफआरओची नोंदणी, रेशनकार्ड, लाइट बिल, बँकेचे किंवा पोस्टाचे खाते, विमा पॉलिसी, इथला जन्मदाखला, शाळेचा दाखला, पॅन कार्ड, नगरसेवक किंवा सरपंचासारख्या निवडून आलेल्या सदस्याचा दाखला. प्रत्येक यादीतला एक कागद पुरतो. तरी दोन लावा. नगरसेवकाच्या दाखल्यावर एकट्याने विसंबू नका. तो आज लिहिलेला असतो. २०१२ च्या पासबुकातली शंभर रुपयांची नोंद त्यापेक्षा वजनदार.

यासोबत समाजातल्या नावाजलेल्या स्थानिक संस्थेचे, आपल्याकडे बहुधा सिंधी पंचायतीचे, अर्जदार त्या समाजाचा असल्याचे प्रमाणपत्र लागते. शिवाय एका भारतीय नागरिकाचे चारित्र्याबद्दल प्रतिज्ञापत्र. भाषेची धास्ती नको: आठव्या अनुसूचीतली कोणतीही एक भाषा पुरते आणि सिंधी त्यात १९६७ पासून आहे. मुलाखतीसाठी म्हणून आजीला मराठी पाठ करायला लावू नका.

३१ डिसेंबर २०२४ या तारखेमुळे अलीकडे गोंधळ वाढला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून परकीयांसाठी नवा कायदा लागू झाला आणि त्याखालच्या सवलतीच्या आदेशात, छळामुळे आसरा घ्यावा लागलेल्या याच सहा समाजांसाठी ही तारीख आली. ती कागद नसल्याबद्दलच्या कारवाईपासून वाचवते, नागरिकत्व देत नाही. सीएएची तारीख २०१४ चीच आहे. 'आता २०२४ पर्यंतच्या सगळ्यांना मिळते' म्हणून पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

घरी होणारी चौकशी

पोलीस दिलेल्या पत्त्यावर येतात. त्या दिवशी घराला कुलूप असले आणि शेजारीण म्हणाली, 'ते तर आता रिंग रोडकडे राहतात', तर अहवालात एवढेच जाते: सदर पत्त्यावर मिळून आले नाहीत. फाइल इथेच मरते. खोली बदलली की आधी एफआरओकडे पत्ता बदला, मग सामान हलवा.

भाडेकरार ११ महिन्यांचा असतो आणि अर्ज त्याहून जास्त काळ चालतो. नवा करार झाला की त्याची प्रत लगेच फाइलमध्ये घाला. लाइट बिल घरमालकाच्या वारलेल्या आजोबांच्या नावावर असते, हे तर खान्देशात घरोघर. त्याला मालकाचे संमतीपत्र आणि घरपट्टीची पावती जोडा. शेजारच्या दोन घरांना आधीच सांगून ठेवा की चौकशीला कोणी आले तर घाबरून 'आम्हाला माहीत नाही' म्हणू नका.

वाट पाहताना काय चालते

एलटीव्हीवर मुले शाळेत जाऊ शकतात. वयाचा दाखला नाही म्हणून शाळेला प्रवेश अडवता येत नाही, हे २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात आहे. स्वतःचा धंदा, बँक खाते, पॅन, आधार, वाहन परवाना, राहायला एक छोटे घर आणि धंद्यासाठी एक जागा, एवढे चालते. शेतजमीन नाही. आधार मिळाले म्हणजे नागरिक झालो असे नाही. परदेशी माणसाचे आधार व्हिसाच्या मुदतीपुरतेच असते.

मतदार कार्ड काढू नका. कोणी फुकट काढून देत असेल तर मुळीच नको. ते काढताना 'मी भारतीय नागरिक आहे' असे लिहून द्यावे लागते. नागरिकत्वाच्या कामात खोटे लिहून दिल्यास नागरिकत्व कायद्याच्या कलम १७ खाली ५ वर्षांपर्यंत कैद किंवा ५०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. तुमची फाइल उघडल्यावर असे कार्ड निघाले, तर बाकीच्या खऱ्या कागदांवरचाही विश्वास उडतो.

फिरण्याची मुभा राज्याच्या आत आहे. उल्हासनगरला मामेबहिणीकडे जायला अडचण नाही. पण रावेरच्या पुढे बऱ्हाणपूर म्हणजे मध्य प्रदेश, शिरपूरच्या पुढे सेंधवाही तेच. नंदुरबारहून सुरतेची गाडी धरली तर नवापूरला स्टेशनाच्या मधूनच गुजरातची हद्द जाते. कापड आणायला सुरतेला जाणारा दुकानदार हे विसरतो. आधी परवानगी घ्या, आणि ती छापून खिशात ठेवा.

मुदतवाढीचा अर्ज तीन महिने आधी भरा. मुदत उलटलीच तर लपून बसू नका; उशिराच्या कारणासह अर्ज करा. या समाजांसाठी २०१६ मध्ये उशिराच्या दंडात सवलत ठेवली आहे, पण ती अर्ज करणाऱ्याला.

सगळे करूनही नकार आला तर

पुढचा दरवाजा उच्च न्यायालयाचा. जळगाव, धुळे, नंदुरबार तिन्ही जिल्हे छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठाखाली येतात. राज्यघटनेच्या कलम २२६ खालची याचिका परदेशी नागरिकालाही करता येते. समानतेचा आणि जीविताचा हक्क राज्यघटनेने 'व्यक्ती'ला दिला आहे. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रिया आणि मुले यांना १९८७ च्या कायद्याने उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो, म्हणून अर्ज आईच्या नावाने द्या. जाताना नकाराचा कागद, त्याचे पाकीट आणि नावांचा तो तक्ता न्या. वकील पहिला अर्धा तास जे विचारतो ते सगळे त्या तक्त्यात असते.

पडताळणीची तारीख आली तर मूळ कागद अर्जातल्याच क्रमाने लावा, झेरॉक्सचा संच वेगळा. आजीला चालवत नसेल तर आदल्या दिवशीच कचेरीत सांगून ठेवा. शपथेच्या कागदावर सही पासपोर्टवर आहे तशीच, मग ती सिंधीत असली तरी सिंधीतच. प्रमाणपत्र पोर्टलवर आले की आधी मोबाईल मोठा करून नाव, वडिलांचे नाव आणि जन्मतारीख तक्त्याशी ताडून बघा. 'लछमण'चा 'लक्ष्मण' झाला असेल तर पेढे आणण्याआधी दुरुस्तीचा अर्ज द्या, कारण उद्या मुलाच्या फाइलला हाच कागद लागणार आहे.